मामाचं मिक्सिंग

पंचवीस वर्षं राइस मिलमध्ये धान पारखल्यामुळे माझा असा समज झाला होता, की जगातली कुठलीही वस्तू मला पारखता येते. पोत्यात परखी, म्हणजे दाणे काढायची पोकळ सळई, खुपसायची, चार दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली धरायचा आणि ओलावा किती ते सांगून मोकळं व्हायचं. ओलावा मोजायचं यंत्र मिलमध्ये आहे, पण ते माझ्यानंतर बोलतं आणि बहुतेक वेळा माझंच म्हणणं पुन्हा सांगतं. या एका विद्येच्या जोरावर मी लोकांची घरं, मोटारसायकली, डॉक्टर आणि जावई यांच्यावर निकाल देत आलो. मला कुणी विचारलं नव्हतं, हा भाग वेगळा.

दुसरा नाद रेकॉर्डिंगचा. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक जुना लॅपटॉप आहे, एक माइक आहे आणि भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या आहेत. मी त्याला स्टुडिओ म्हणतो. बायको गाद्यांची खोली म्हणते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तिच्या अनाउन्समेंट, कुणाच्या भजनी मंडळाचं एखादं भजन, असली कामं तिथे होत. ऐकायला मोबाइलसोबत आलेले इअरफोन होते, आणि त्यांच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती. मंडईच्या भोंग्यातून कुणीही कसाही बोलला तरी तो सारखाच ऐकू येतो.

मग भाचीचं लग्न ठरलं आणि ताईचा फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात दिलेली. आमच्या पोवारांच्या लग्नात हळदीला, मांडवाला, नवरी निघताना, बाया गाणी म्हणतात, आणि ताईच्या गावात ती गाणी ताई उचलते, बाकीच्या मागून धरतात. आता मांडवाच्या बाजूला डीजे उभा राहतो, त्यामुळे बाया गातात की जांभया देतात हे कळायला मार्ग नाही.

"भाऊ," ताई म्हणाली, "मागच्या लगनात आमी बाया नुसत्या तोंड हालवून राहिलो होतो. कोनाले काई आयकू आलं नाई. आता आपलं गानं त्याच्याच डब्यातून वाजलं पायजे. तू रेकॉर्ड कर, पेन ड्राइवमंधी दे, तो डीजेवाला वाजवन."

मी म्हटलं, होईल.

"मले मामाच्या आहेरात भांडे नोको, साड्या नोको. पोरीले हरद लागन तवा मी पाव्हण्यांमागं धावत राहीन, गायाले कोठची भेटते मी? म्हून माझ्या आवाजात गानं वाजलं पायजे. येवढं करून दे."

ताईने लहानपणापासून माझ्याकडे मागितलेली ही बहुधा पहिली वस्तू. मी फोन ठेवला तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटत होता, आणि काम अजून सुरूही झालं नव्हतं.

एका रविवारी ताईच्या घरी गेलो. सहा बाया, मध्ये ताई, एकीच्या मांडीवर ढोलकी, प्रत्येकीपुढे भजनी मंडळाकडून मागून आणलेला वेगळा माइक, पंखा बंद, कोंबड्या टोपल्याखाली. तीन तासांत हळदीचं गाणं झालं. घरी येऊन लॅपटॉपवर लावलं तर सगळं मिळून एक गोधडी झालेली. मी लगेच निदान केलं: इअरफोन. भोंग्याच्या कामाला ते चालतात, पण सहा बायांचे आवाज वेगळे करून, कुणाचा पुढे, कुणाचा मागे असं मिक्सिंग करायचं तर चांगला हेडफोन पाहिजे. स्पीकर घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच आहे. बायकोने खर्चाची हद्द आखून दिली आणि ती अशी होती, की दुकानदाराला सांगताना मी आवाज खाली घेतला.

गोंदियाच्या बाजारातला दुकानदार मला ओळखत नव्हता, पण माझी जात पहिल्या मिनिटात ओळखून गेला: हद्द बांधलेला शौकीन.

"मिक्सिंग करना है? तो बेस देखो भैया, बेस!" असं म्हणत त्याने एक काळा, जाडजूड हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि धुमाल लावला. धुमाल म्हणजे आमच्याकडच्या वरातीतला ढोल-ताशे आणि कीबोर्डचा गदारोळ. आमच्या जिल्ह्यात वाजणारी कुठलीही वस्तू धुमालवर तपासून घेतात. टीव्ही असो, ऑटोतला डबा असो, मोबाइल असो. जो धुमाल चांगला वाजवतो तो सगळंच चांगलं वाजवणार, असा आमचा सिद्धान्त आहे, आणि तो मांडणाऱ्यांत मीही होतो.

ढोल पडला तसे माझे दात हलले. मी हेडफोन काढून तळहातावर तोलला. वजन भरपूर. आत कुणी लोखंडाचा तुकडा टाकला असता तर मी त्याचंही कौतुक केलं असतं. कानावरच्या गाद्या दाबून पाहिल्या, वायर ओढून पाहिली, आणि मान हलवली. दुकानदाराने माझी मान हलायच्या आधीच डबा बांधायला घेतला होता.

घरी ताईचं गाणं लावलं तर सहा बाया कुठल्या तरी विहिरीत उतरून गात होत्या. ढोलकी मात्र छातीवर पडत होती. ताईचा आवाज मुळातच खालचा, भरलेला. तो त्या ढोलकीत असा मिसळला की शब्द ओळखू येईनात. शिवाय आमच्या उकाड्यात त्या रेक्झिनच्या गाद्यांखाली कान उकडून निघत. अर्ध्या तासाने हेडफोन काढला की बायको विचारायची, रडलात काय?

दुकानदार परत घेईना. "बेस कम है क्या?" असं उलट मलाच विचारू लागला.

मग मी विद्वानांकडे वळलो. मोबाइलवर हेडफोनविषयी बोलणारी इतकी तरुण मंडळी आहेत की त्यांना घरी दुसरं काम सांगणारं कुणी नसावं. त्यांच्याकडून कळलं की हेडफोन उघडे असतात आणि बंद असतात. उघड्यातून आवाज मोकळा येतो, पण बाहेरच्यालाही ऐकू जातो आणि बाहेरचा आत येतो. म्हणजे माझ्या गाण्यात बायकोचा कुकर. तेव्हा बंदच घ्यावा. ब्लूटूथचा घेऊ नये, कारण बाई गाते आधी आणि ऐकू येते नंतर. फार ओहमचा घेऊ नये, कारण तो लॅपटॉपला पेलत नाही, त्याला वेगळं यंत्र घ्यावं लागतं, आणि मग बायकोला वेगळं कारण सांगावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिक्सिंगचा हेडफोन फ्लॅट पाहिजे. म्हणजे गाण्यात स्वतःची भर घालत नाही, काढतही नाही, जे आहे ते सांगतो. खुशामत न करणारा हेडफोन. आमच्या मालकांना इतक्या वर्षांत असा एकही माणूस सापडला नाही, आणि मी तो कमी पैशांत शोधत होतो.

पण मिळाला. एका काळ्या टी-शर्टवाल्या विद्वानाने सांगितलेला, साधा, वायरचा, कापडी गाद्यांचा. धुमाल लावला तर अगदी अळणी. मी खूश झालो. औषध कडू लागलं म्हणजे लागू पडणार, अशी माझी समजूत.

ताईचं गाणं लावलं. ढोलकी आता जागच्या जागी होती. पण ताईचा आवाज तसाच. तोंडावर पदर घेऊन गायल्यासारखा. स, श, च सगळे कुठे तरी गळून पडलेले.

इथे मी पारख केली. एक हेडफोन खोटं बोलेल, मान्य. पण दोन? एक बाजारातला, एक विद्वानांचा, दोघांची ओळखपाळख नाही, आणि दोघेही तेच सांगतात. म्हणजे दोष मालातच आहे. ताईचं वय झालं. आवाज बसला. तिला कुणी सांगत नाही, कारण गावात ती वडीलधारी आहे. सांगावं तर भावानेच सांगावं. असा सगळा विचार मी गाद्यांच्या खोलीत बसून केला आणि मला त्यात माझा मोठेपणाही दिसला.

फोन केला. "ताई, एक सांगू काय? तुझा आवाज जड झाला. साफ येऊन नाही राहिला. तू मागं राहा. तुझ्या दिराची सून चांगली गाते, ती हार्मोनियम शिकली आहे. तिला पुढे घेऊ."

 

"दोन-दोन मशिनीत पायलं ना तू?" ताईने विचारलं.

"दोन्हींत."

"मंग तसंच असन. बरं. पोरीचं लगन चांगलं झालं पायजे. कोनी का गायेना."

मला वाटलं, किती समजूतदार बाई. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते. पण तेव्हा मी बायकोला म्हणालो, बघ, सत्य सांगितलं की माणूस मानतो. बायको म्हणाली, "तुमी टीवीचा आवाज कमी करा आधी." ती अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. ती, मिलमधले हमाल, बँकेतली बाई, सगळेच. लोकांना स्पष्ट बोलायचं वळण राहिलं नाही, यावर मी मिलमध्ये एकदा दहा मिनिटं बोललो होतो. अर्थात मशिनींच्या आवाजात ओरडून.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. दिराची सून पुढे बसली. बिचारी घाबरलेली, सारखी ताईकडे पाहायची. ताई मागच्या रांगेत दोन बायांच्या मध्ये बसली आणि तिनेच तिला सूर दिला. घरी येऊन ऐकलं. सुनेचा आवाजही फारसा साफ नव्हता, पण मला तो उजळ वाटला, कारण तो उजळ असणार हे मी आधीच ठरवलं होतं. राहिलेली कसर मिक्सिंगमध्ये भरून काढली. वरचा पट्टा, ज्याला ट्रेबल म्हणतात, तो वाढवत गेलो. वाढवला, ऐकला, पुन्हा वाढवला. शेवटी स, श, च आपापल्या जागी दिसू लागले. माझं समाधान झालं. कुटुंबाच्या ग्रुपवर गाणं टाकलं.

आमच्याकडची माणसं तोंडावर बोलणारी. भाजीत मीठ जास्त झालं तर पाहुणाही सांगतो. त्या माणसांनी माझ्या गाण्याखाली अंगठे टाकले. सतरा अंगठे, आणि शब्द एकही नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की ते भारावले आहेत.

आठ दिवसांनी ताई लग्नाच्या साड्यांसाठी गोंदियाला आली आणि सामान ठेवायला आमच्याकडे उतरली. मी तिला गाद्यांच्या खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, तिच्या कानावर हेडफोन ठेवला आणि गाणं सुरू केलं. पहिली ओळ संपायच्या आत तिने दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढला.

"अगा, कान फोडतेस का माझे? का करून ठेवलास हे? ताटलीवर सुरी घासल्यावानी!"

मी म्हटलं, असं कसं होईल, थांब. मी ऐकलं. छान होतं. बायकोला बोलावलं. तिने कानाला लावला, तोंड वाकडं केलं आणि दूर धरला. "मोबाइलवर बी असंच हाय. सगळ्यायले मालूम हाय. तुमाले कोन सांगन, तुमी कोनाचं आयकता?"

ताई माझ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "माझावाला लाव. पयला. जसा गायला तसाच, काई नोको करू त्याले."

मी तिचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. काहीही न बदललेलं. ती डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकत बसली. पाच मिनिटं खोलीत मी नुसता तिचा चेहरा पाहत होतो. तिने हेडफोन काढून बायकोच्या कानावर ठेवला. बायको म्हणाली, "साफ तं हाय वन्सं. शब्द न् शब्द आयकू येऊन राहिला."

"मले बी," ताई म्हणाली. आणि मग अगदी हळू, माझ्याकडे न पाहता: "भाऊ, तुले आयकू येते का नाई?"

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका काचेच्या छोट्या खोलीत बसवलं आणि डोक्यावर हेडफोन दिला. मी सवयीने तो तोलून पाहिला. आवाज आला की बटण दाबा, त्या म्हणाल्या. आधी चार-पाच आवाज आले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट पाहिली. शेवटी दार उघडून सांगितलं, मॅडम, तुमची मशीन बंद पडली.

"सुरूच आहे," त्या म्हणाल्या. "मिलमध्ये काम करता काय?"

कागदावर रेघ होती. डावीकडे सरळ आणि उजवीकडे, वरच्या आवाजांच्या बाजूला, खाली गेलेली. मिलच्या आवाजाने खाल्लेलं, परत येणार नाही, जे आहे ते सांभाळा, असं त्यांनी सांगितलं. मिलमध्ये कानात कापूस घालणारा एक हमाल होता. त्याला आम्ही नवरी म्हणायचो. तो शब्द माझाच होता.

दोन्ही हेडफोन निर्दोष होते. निदान या बाबतीत.

मी घरी आल्याबरोबर ताईला फोन लावला. डॉक्टरांचं सांगितलं. म्हटलं, चूक माझी आहे, तुझा आवाज चांगला आहे, पहिलंच रेकॉर्डिंग घेऊ, तुझंच गाणं वाजवू. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता नाई जमत," ती म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? त्या पोरीनं तिच्या मायले सांगितलं, मायनं गावात सांगितलं. आता तिले काढून मी पुढं बसू? का सांगू तिले? तुझा आवाज बेकार हाय म्हनू? थे आयकलं की कसं वाटते थे मी आयकलं हाय, भाऊ. तिले नाई आयकवत मी."

चार लोकांत अपमान झाला असता तर इतकं लागलं नसतं.

मग ताईच पुन्हा एकदा कुडव्याला आली. हेडफोन तिच्या कानावर आणि माउस माझ्या हातात, असं आम्ही ते गाणं पुन्हा मिक्स केलं. त्या अळणी हेडफोनमध्ये तिला सगळं दिसत होतं. ती सांगायची, मी करायचो. ट्रेबल काढ. अजून काढ. ढोलकी मागं घे. पोरीचा आवाज वर कर, ती घाबरली होती, दबून गायली. मागच्या बायांचे आवाज आले तसं मी ताईचा स्वतःचा आवाज हळूच थोडा वर सरकवला. माझ्या कानांनी नव्हे, पडद्यावरची पट्टी पाहून.

"माझा कमी कर," ती लगेच म्हणाली. "मागच्याचा मागंच बरा दिसते."

मी कमी केला.

हळदीच्या दिवशी सकाळी डीजेवाल्याने पेन ड्राइव्ह लावला आणि मांडवात गाणं वाजलं. बाया आधी दचकल्या, मग हसल्या, मग स्वतःही गायला लागल्या. दिराची सून लाजून चूर झाली. लोक माझी पाठ थोपटत होते. ताई पाहुण्यांना चहा देत फिरत होती, एकदाही थांबली नाही.

भाची पाटावर बसली होती, गालाला हळद. तिने मला खूण करून जवळ बोलावलं आणि मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"मामा, यातला आईचा आवाज कोन्ता गा?"

मी ऐकलं. ढोलकी होती, सून होती, मागे बायांचा एक गुंता होता. त्यात ताई होती, मीच ठेवली होती, पण मला ती सापडेना.

"हा मागचा," मी म्हटलं, "खालच्या सुरातला."

भाचीने डोळे मिटले आणि ती तो आवाज ऐकू लागली. तिला तो सापडला, कारण ती रडायला लागली. मी तिच्याजवळ उभा राहिलो, मान डोलवत, जणू मलाही ऐकू येत होता.